दुखत नाही, म्हणूनच दाखवा!

'बाई, दुखत तर नाही ना? मग कशाला दाखवायचं?'

आमच्या खांडबाऱ्यात आणि आजूबाजूच्या पाड्यांवर बचत गटांच्या निमित्ताने फिरताना हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की, कुणी 'गाठ' असा शब्द काढला की पुढचं वाक्य मला आधीच ऐकू येतं. कुणी अहिराणीत म्हणते, 'दुखस नही ना, मंग कसाले दाखाडानं?' कुणी मावचीत म्हणते, कुणी गुजराती मिसळलेल्या मराठीत. भाषा बदलते, हिशेब तोच. दुखलं तर आजार, नाही दुखलं तर काही नाही.

आमच्या गटातल्या एका बाईचाही हिशेब हाच होता. डाव्या स्तनात वाटाण्याएवढी गाठ अंघोळ करताना तिच्या हाताला लागली. भातलावणीचे दिवस होते. दुखत नव्हती, म्हणून राहिली. मग ऊसतोडीला बारडोलीकडे जायची वेळ आली, तेव्हाही राहिली. तिकडे कुणीतरी आंबेहळद उगाळून लावायला सांगितली, ती लावली. परत आल्यावर कुणी बिब्बा सांगितला, तोही लावला. बिब्ब्याने कातडी भाजली, जखम झाली, आणि मग दुखायला लागलं. तेव्हा, तिच्या हिशेबाप्रमाणे अगदी वेळेवर, ती दवाखान्यात गेली! तिथून नंदुरबार, नंदुरबारहून मुंबई. तोवर काखेतही गाठी आल्या होत्या. दीड वर्षाने ती गेली. धाकटी मुलगी तेव्हा सातवीत होती.

आता दुसरी गोष्ट. ही माझ्या घरातलीच, माझ्या धाकट्या जावेची. पाळीला अंगावरून जास्त जातं म्हणून ती एका मोठ्या गावातल्या खासगी दवाखान्यात गेली. सोनोग्राफी झाली. 'पिशवीत गाठ आहे, ठेवली तर कॅन्सर होईल,' असं सांगितलं गेलं. कॅन्सरचं नाव ऐकल्यावर कोण विचार करतं? आठ दिवसांत ऑपरेशन झालं. गर्भाशयही गेलं, अंडाशयंही गेली. वय वर्षं छत्तीस! नंतर रिपोर्ट आला, साधा फायब्रॉइड होता, बोराएवढा. आज तिचे सांधे धरतात, रात्री अंगाची लाही होते, चिडचिड होते. मागच्या दिवाळीला करंज्या लाटता लाटता तिने मला विचारलं, 'ताई, ती गाठ राहिली असती तर काय झालं असतं हो?' मी मान खाली घालून करंज्या भरत राहिले.

एकीने गाठ अंगावर काढली, दुसरीने गाठीच्या धास्तीने अंगातलं चांगलं ते काढून दिलं. मला विचाराल, तर दोघींचं नुकसान एकाच गोष्टीने झालं. कुठली गाठ, हे दोघींनाही कुणी सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही.

आपल्या बोलण्यात 'गाठ' हा एकच शब्द सगळ्याला पुरतो. पदराची गाठ, लग्नाची गाठ आणि अंगातली गाठही. पण गंमत बघा, आपल्या जुन्या लोकांना हे वेगवेगळं माहीत होतं. सुश्रुतसंहितेत ग्रंथी, अपची, अर्बुद आणि गलगंड यांची लक्षणं वेगवेगळी सांगितलेली आहेत. आपल्या आज्यांकडेही शब्द होते. पायाला काटा लागून पिकला की जांघेत गोळा यायचा, त्याला 'अवधाण आलं' म्हणायच्या. केस मुळाशी दुखून फोड आला की ते केसतोड. मानेला ओळीने गाठी आल्या की गंडमाळ. गळा पुढून सुजला की गलगंड. आज हे शब्द आपण विसरलो आणि त्या सगळ्यांच्या जागी 'गाठ' आणि 'कॅन्सर' असे दोनच शब्द उरले. मधलं सगळं गायब!

मी काही डॉक्टर नाही. बी.ए. केलं, लग्न होऊन इथे आले, मुलं मोठी झाली तशी गटांच्या कामात पडले. पण पेशंटबरोबर दवाखान्यांच्या बाकांवर इतके तास बसलेय आणि डॉक्टरांना इतके प्रश्न विचारून भंडावलंय की, जे समजलं ते मैत्रिणींना सांगायला हवं असं वाटतं.

अवधाण म्हणजे काय? आपल्या मानेत, काखेत, जांघेत लहान लहान ग्रंथी असतात. जवळपास जखम झाली, दात किडला, घसा आला की त्या जंतूंशी झुंजतात आणि फुगतात. म्हणजे तिथली गाठ हा पहारेकऱ्याने दिलेला आवाज. जखम बरी झाली की ती जिरते, दोनतीन आठवड्यांत. जिरली नाही, वाढत गेली, सोबत संध्याकाळचा ताप, वजन उतरणं असं असेल तर दाखवायलाच हवं. आमच्या भागात मानेची अशी गाठ पुष्कळदा टीबीची निघते. टीबी फक्त फुफ्फुसाचा, खोकल्याचाच असतो असं बायकांना वाटतं. तसं नाही. गंडमाळ म्हणत होते ती बहुतेक वेळा हीच. सरकारी दवाखान्यात औषध फुकट आहे, साधारण सहा महिन्यांचा कोर्स पुरा केला की बरी होते. तिच्यावर डाग देऊन मानेला जन्मभराचे व्रण करून घेतलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. लग्नाच्या वयाच्या मुली!

पाठीवर, दंडावर, मांडीवर मऊ, दाबलं तर सरकणारी, वर्षानुवर्षं तेवढीच असलेली गाठ असते ना, ती बहुधा चरबीची. तिचं काही करावं लागत नाही. कातडीलाच चिकटलेली, मधोमध काळा ठिपका असलेली गाठ ही कातडीखाली साचलेल्या मळकट पदार्थाची पिशवी. पिकली तर त्रास देते, एरवी नाही. ती घरी सुईने फोडायची नसते, एवढं मात्र पाळा. मनगटावरची टणक गाठ सांध्याजवळच्या पाण्याची.

आता ओटीपोटाकडे येऊ. गर्भाशयाच्या स्नायूतच वाढणारी गाठ म्हणजे फायब्रॉइड. चाळिशीपर्यंत कितीतरी बायकांना ती असते आणि बऱ्याच जणींना आयुष्यभर पत्ताही लागत नाही. ती कॅन्सर नव्हे आणि तिचा कॅन्सर होणं अतिशय दुर्मीळ. पाळी गेली की बहुतेक वेळा ती आपोआप आक्रसते. त्रास देत असेल, फार रक्त जात असेल, तर उपाय आहेत, गोळ्या आहेत, नुसती गाठ काढण्याचं ऑपरेशन आहे, आणि कधी कधी गर्भाशय काढणंही खरंच गरजेचं असतं. पण ते शेवटचं पाऊल. अंडाशयावरची पाण्याची गाठ, जिला सोनोग्राफीवाले 'सिस्ट' म्हणतात, ती पाळी चालू असलेल्या बाईत पुष्कळदा दोनतीन महिन्यांत स्वतःहून विरते. म्हणूनच डॉक्टर पुन्हा सोनोग्राफीला बोलावतात. मात्र पाळी गेल्यावर अशी गाठ दिसली, किंवा पोट फुगतंय, भूक मेलीय, थोडं खाल्लं की भरल्यासारखं होतंय, असं रोज होत असेल, तर गॅसेसच्या गोळ्या खात बसू नका. आणि पाळी बंद होऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्त दिसलं तर 'पाळी परत आली' म्हणून हसण्यावारी नेऊ नका, त्याच आठवड्यात दाखवा.

आमच्या नंदुरबार जिल्ह्यात एक 'गाठ' अशीही असते, जी गाठच नव्हे. लहान लेकराच्या पोटात डावीकडे बरगडीखाली घट्ट गोळा लागतो आणि आई घाबरते, भगताकडे नेते. ती वाढलेली प्लीहा असते. आदिवासी समाजात सिकलसेलचं प्रमाण मोठं आहे, त्या मुलांमध्ये प्लीहा अशी फुगते. कधी कधी ती एकाएकी फुगते, लेकरू पांढरंफटक पडतं. तेव्हा रात्र असली तरी गाडी काढून दवाखाना गाठायचा. तिथे वाट बघणं परवडत नाही.

स्तनातली गाठ सगळ्यात घाबरवणारी, आणि लाजेमुळे सगळ्यात लपवली जाणारी. तिथेही प्रकार आहेत. अंगावर पाजणाऱ्या बाईचं दूध साकळतं, ताप येतो, ठणकतं, ते वेगळं. विशीपंचविशीच्या मुलींच्या स्तनात बोटाखालून गोटीसारखी निसटणारी गाठ असते, फायब्रोअॅडिनोमा म्हणतात, ती कॅन्सर नसते. पस्तीस ते पन्नासच्या दरम्यान पाण्याच्या गाठी होतात. पाळीच्या आधी दोन्हीकडे गुठळ्या लागतात, नंतर कमी होतात. स्तनातल्या बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हे मोठ्याने सांगायला हवं. पण राहिलेल्या थोड्या ज्या असतात, त्या सुरुवातीला सहसा दुखत नाहीत. टणक, ओबडधोबड, एका जागी रुतलेल्या. वरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी दिसते, बोंड आत ओढलं जातं, त्यातून रक्त येतं. ठणका हे गळवाचं लक्षण, मुकाटपणा हे खऱ्या शत्रूचं. आमच्या बायकांचा हिशेब इथेच उलटा पडतो.

बोटांनी ओळखता येतं का मग? नाही! हे मी मुद्दाम लिहितेय, कारण वरचं वाचून कुणी घरीच निकाल लावू नये. अनुभवी डॉक्टरही नुसत्या हाताने ठाम सांगत नाहीत. ते तिन्ही बाजूंनी बघतात, हाताने, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफीने आणि गरज वाटली तर सुईने तुकडा काढून.

आणि सुईचं नाव निघालं की सगळ्या पसार! 'सुई लावली की ती पसरते', 'लोखंड लागलं की चवताळते', हे मी शिकलेल्या मास्तरीणबाईंच्या तोंडूनही ऐकलंय. हा समज येतो कुठून, तेही मला कळलंय. उशिरा आलेल्या बाईची तपासणी होते, आणि चारसहा महिन्यांत ती जाते. गावाला दिसतं ते एवढंच, की सुई टोचली आणि बाई गेली. आधीची दोन वर्षं कुणी मोजत नाही. स्तनाच्या गाठीतून सुईने तुकडा घेतल्यामुळे बाईचं आयुष्य कमी होतं, असं अभ्यासांत आढळलेलं नाही. उलट धोका आहे तो तपासणी न करता गाठ कापून टाकण्यात. लहान गावांत जागा बधिर करून दहा मिनिटांत गाठ काढतात आणि बादलीत टाकतात. ती कॅन्सरची असली तर? अर्धवट काढलेली राहते, काय होती ते कळायला मार्ग उरत नाही, पुढचे उपचारही अवघड होतात. तेव्हा मैत्रिणींनो, अंगातून काढलेली गाठ मग ती कितीही किरकोळ असो, तपासायला पाठवा असं डॉक्टरांना सांगा. तो आपला हक्क आहे, भांडण नव्हे.

तोंडातल्या आणि पिशवीच्या तोंडाच्या जखमांचं सांगायचं राहिलं. तिथे गाठ येण्याच्या आधी डाग येतो. तपकीर, मशेरी दाताला लावणाऱ्या, गालात तंबाखूची गोळी धरणाऱ्या बायका आमच्याकडे थोड्या नाहीत. पुरुषांचा गुटखा दिसतो, बायकांची मशेरी 'दात घासणं' म्हणून खपते. जिथे गोळी धरतो तिथे गालाच्या आत पुसला न जाणारा पांढरा चट्टा येतो, किंवा मखमलीसारखा लाल. तिखट झोंबायला लागतं, तोंड उघडेनासं होतं, पाणीपुरी तोंडात जात नाही. हा अजून कॅन्सर नव्हे. पण कॅन्सर जिथून निघतो ती वाट हीच, आणि लाल चट्टा पांढऱ्याहून जास्त वाईट. दोनतीन आठवड्यांत न भरलेलं तोंडातलं चिघळणं दातांच्या डॉक्टरांना दाखवायचं. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, हे आमच्या टपरीवाल्यांना कुणी सांगितलं नसावं बहुतेक!

गर्भाशयाच्या मुखाचंही तसंच. तिथे विषाणूमुळे, एचपीव्ही त्याचं नाव, बदललेली जागा तयार होते आणि तिचा कॅन्सर व्हायला बहुधा दहा दहा वर्षं लागतात. विचार करा, दहा वर्षं! एवढा वेळ दुसरा कुठला शत्रू देतो? व्हिनेगरसारखं सौम्य अॅसिड लावून मिनिटभर थांबलं की बदललेली जागा पांढरी उमटते आणि ती तिथल्या तिथे गोठवून किंवा भाजून काढता येते. पण 'पिशवीच्या तोंडाला जखम आहे' या वाक्याचा अर्थ नेहमी एवढाच नसतो. मुखाच्या आतला लालसर थर बाहेर दिसतो, त्यालाही जखम म्हणतात, आणि तो पुष्कळ बायकांमध्ये असतो, आजार नसतो. या एका वाक्यावर किती पिशव्या निघाल्या, त्याचा हिशेब बीडमध्ये लागला. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, ऊसतोड करणाऱ्या ऐंशी हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली आणि त्यांपैकी तेरा हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यांतल्या कितीतरी जणींना कॅन्सरची भीती घातली गेली होती. पुढे तिथे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय असं ऑपरेशन करायचं नाही, असा नियम करावा लागला. आमच्या नवापूर तालुक्यातल्या बायकाही कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. पाळी आली म्हणून खाडा पडतो, खाडा पडला की पैसे कापले जातात. अशा बाईला 'पिशवी काढली की कटकट मिटेल' हे वाक्य किती गोड लागत असेल!

आता कुणी म्हणेल, खेड्यातल्या बाईला एवढं सगळं कसं कळणार? मला या प्रश्नाचा राग येतो. कारण आपल्याच महाराष्ट्रात हे करून दाखवलेलं आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला डॉ. बी. एम. नेने यांनी कॅन्सरचं काम उभं केलं, नर्गिस दत्त यांच्या नावाचं रुग्णालय आहे. तिथे १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. नोंदणी म्हणजे कार्यकर्ते गावोगाव जाऊन विचारत, सांगत, रुग्णाला दवाखान्यापर्यंत आणत. काही वर्षांतच बायका पूर्वीपेक्षा लवकरच्या अवस्थेत यायला लागल्या. मशीन नव्हे, माणसं बोलली म्हणून! पुढे त्यांनीच टाटा हॉस्पिटल आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेसोबत तेव्हाच्या उस्मानाबाद, आजच्या धाराशिव जिल्ह्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक बायकांचा अभ्यास केला. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एकदाच एचपीव्हीची तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास निम्मे झाले. आयुष्यात एकदा केलेली तपासणी!

मुंबईत टाटाने १९९८ पासून झोपडवस्त्यांतल्या दीड लाख बायकांचा अभ्यास केला. मॅमोग्राफी नाही, काही नाही. शिकवून तयार केलेल्या आरोग्य सेविका दर दोन वर्षांनी हाताने स्तन तपासायच्या आणि गर्भाशयाचं मुख बघायच्या. मुख बघण्याचं काम करणाऱ्या या बायका दहावी शिकलेल्या होत्या, चार आठवड्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू त्या गटात ३१ टक्क्यांनी कमी झाले. स्तनांच्या तपासणीचे निकाल वीस वर्षांनी, २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये स्तनाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी. पन्नाशीच्या आत तसा फायदा दिसला नाही, तेही खरं, लपवायचं कशाला? पण दहावी शिकलेली बाई दुसऱ्या बाईचा जीव वाचवू शकते, हे त्यातून दिसलं. आमच्या आशाताई काय कमी आहेत? तिशीवरच्या सगळ्यांची माहिती त्या फॉर्मवर भरतातच. फॉर्म भरून घेणं वेगळं आणि आडोसा असलेली खोली, बाई डॉक्टर, आणि घाई नसलेली दहा मिनिटं मिळणं वेगळं. शिबिरं भरतात तिथे मंडप असतो, हार असतात, पाहुणे असतात. पडदा नसतो. पडद्याशिवाय कोण बाई पोलकं सोडेल?

आणि रिपोर्ट! तो असतो इंग्रजीत, दिला जातो नवऱ्याच्या हातात. मी एकदा एका मुलीला रिपोर्टवर 'बायरॅड्स ३' पाहून ढसाढसा रडताना पाहिलं. तिला वाटलं तिसरी स्टेज! तो स्तनाच्या चित्रावरून दिलेला शंकेचा आकडा असतो. दोन म्हणजे निर्धास्त, तीन म्हणजे बहुधा साधी, सहा महिन्यांनी पुन्हा बघू, चार-पाच म्हणजे तुकडा तपासायलाच हवा. स्टेजचा आणि त्याचा संबंध नाही. तसाच 'लीजन' हा शब्द. किती भारदस्त वाटतो! अर्थ एवढाच, की इथली जागा बाजूच्यापेक्षा वेगळी दिसते. व्रण असो, डाग असो, गाठ असो. 'बिनाइन' म्हणजे साधी, 'मॅलिग्नंट' म्हणजे कॅन्सरची. हे चार शब्द मराठीत समजावून सांगायला डॉक्टरांना दोन मिनिटं लागतात. ती दोन मिनिटं आपण मागत नाही, कारण 'साहेबांना राग येईल'.

खोटं कशाला बोलू, मीही मागितली नव्हती. दोन वर्षांपूर्वी मलाच उजव्या स्तनात गाठ लागली. गावाला सांगणारी मी! चार महिने कुणाला बोलले नाही. यांना नाही, मुलीला नाही. रात्री सगळे झोपले की हात लावून बघायचे, मोठी झाली का. मुलीची बारावी होऊ दे, मग बघू, असं स्वतःला सांगायचे. शेवटी जावेनेच ओळखलं, तिने धरून नेलं. पाण्याची गाठ निघाली, सुईने पाणी काढलं, जिरून गेली. दहा मिनिटांचं काम आणि चार महिन्यांची झोप गेली. पण त्या चार महिन्यांनी मला कळलं, की आमच्या गटातली ती बाई मूर्ख नव्हती. तिला दुखत नव्हतं, म्हणून ती गेली नाही, हे अर्धंच खरं. तिला भीती वाटत होती, पैशाची, मुलींची, नवऱ्याच्या तोंडाची. 'दुखत नाही' हे सांगायला सोपं पडतं.

पैशाचं एक सांगते. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरचे पुष्कळ उपचार बसतात. रेशनकार्ड आणि आधार नीट करून ठेवा, नावातल्या चुका आजच दुरुस्त करा, आजारपणात त्यासाठी पळावं लागतं तेव्हा जीव नकोसा होतो. मुंबईला जावं लागलं तर दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. फूटपाथवर झोपावं लागेल म्हणून परत फिरलेल्या लोकांना हे माहीतच नव्हतं.

गेल्या महिन्यात एका पाड्यावर मी हे सगळं बोलत होते. अंगणात पंधरावीस बाया. एका म्हातारीने पाठ उघडी करून दाखवली, लिंबाएवढी मऊ गाठ. म्हणाली, 'ही माझ्या मोठ्या पोरापेक्षा दोन वर्षांनी लहान आहे!' सगळ्या खो खो हसल्या. मग चहा झाला, बाया उठल्या, भांडी गोळा झाली. एक विशीतली पोर मात्र कुडाशी उभीच राहिली. सगळ्या गेल्यावर जवळ आली आणि हळूच म्हणाली, 'बाई, मलाही आहे. दुखत नाही.'

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी नंदुरबारच्या गाडीत होतो. दुपारी सोनोग्राफी झाली, मग सुई झाली, चार दिवसांनी रिपोर्टला पुन्हा गेलो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, 'साधी गाठ आहे, काळजी करू नको.' मी उठायला लागले. पोर बसूनच राहिली.

'मॅडम, साधी म्हणजे कुठली? तिचं नाव सांगा ना.'

डॉक्टरीणबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं, पेन घेतलं आणि केसपेपरच्या मागे मराठीत मोठ्या अक्षरात लिहून दिलं, फायब्रोअॅडिनोमा. खाली लिहिलं, सहा महिन्यांनी दाखवणे. गाडी खांडबाऱ्याला लागेपर्यंत पोर ते अक्षर लावून वाचत होती.